परदेशात रोजच्या गोळ्या हरवल्या, तर?

चिठ्ठी आहे, पैसे आहेत, समोर औषधाचं दुकान आहे आणि त्या दुकानात ती गोळीसुद्धा आहे. तरीही काउंटरपलीकडचा माणूस नकारार्थी मान हलवतो. परदेशात औषधं हरवलेल्या किंवा चोरीला गेलेल्या कित्येकांना आधी हाच धक्का बसतो. रोग तोच, गोळी तीच, मग अडतं कुठे?

हे अडणं नीट समजलं की पुढे काय करायचं ते बरंचसं आपोआप उलगडतं, म्हणून सुरुवात तिथूनच करू. मात्र ज्यांच्या गोळ्या आत्ता, हे वाचत असतानाच हरवलेल्या आहेत, त्यांनी पुढचा भाग सोडून थेट ‘हातात वेळ किती आहे’ इथे जावं. काही औषधांच्या बाबतीत लेख वाचत बसण्याइतकीही सवड नसते.

## माझ्याकडे चिठ्ठी आहे की, मग औषध का देत नाहीत?

आपण चिठ्ठीकडे माहिती म्हणून पाहतो: अमुक गोळी, अमुक वेळा, इतके दिवस. कायदा मात्र तिच्याकडे परवानगी म्हणून पाहतो, आणि परवानगी देणाऱ्याचा अधिकार कुठवर चालतो हा त्यातला कळीचा प्रश्न असतो. चेकचं उदाहरण घ्या. रक्कम कितीही सुवाच्य लिहिलेली असो, सहीची खातरजमा करण्याची सोय ज्या बँकेकडे नाही, ती बँक पैसे देत नाही. चिठ्ठीचंही तसंच आहे. डॉक्टरला परवाना त्याच्या देशातली वैद्यक परिषद देते. दुसऱ्या देशातल्या फार्मासिस्टला तो डॉक्टर खरा आहे का, सही त्याचीच आहे का, हे तपासायचा मार्ग नसतो. तपासता आलं तरी त्या सहीवर औषध देण्याची मुभा त्याला तिथला कायदा बहुधा देत नाही. तुमच्यावर अविश्वास दाखवण्यासाठी तो नाही म्हणत नसतो. दिलं तर त्याचाच परवाना धोक्यात येतो.

याला अपवाद आहेत. युरोपीय संघातल्या एका देशात लिहिलेली चिठ्ठी संघातल्या दुसऱ्या देशात चालते, कारण तसा सामाईक नियम २०११ मध्ये त्यांनी केला. नियंत्रित औषधांच्या, म्हणजे ज्यांचं व्यसन लागू शकतं किंवा गैरवापर होतो अशा औषधांच्या बाबतीत तिथेही बंधनं येऊ शकतात, आणि संघाबाहेरच्या डॉक्टरच्या चिठ्ठीला तर ही सवलतच नाही. ब्रिटनमध्ये २०१२ च्या नियमांनुसार फार्मासिस्ट अडचणीच्या वेळी चिठ्ठीशिवाय बहुतेक औषधं जास्तीत जास्त ३० दिवसांपुरती देऊ शकतो. पण त्यातही अट आहे: ते औषध रुग्णाला पूर्वी ब्रिटनमधल्या किंवा मान्यता असलेल्या युरोपीय देशातल्या डॉक्टरने लिहून दिलेलं असलं पाहिजे. अमेरिकेत अनेक राज्यांनी फार्मासिस्टला ७२ तासांपुरतं औषध देण्याची मुभा दिली आहे, तीही तिथल्याच जुन्या चिठ्ठीच्या आधारावर. या सगळ्या सवलती मुळात त्या त्या देशात राहणाऱ्यांसाठी आखलेल्या आहेत. दुरून आलेला पाहुणा त्यांत सहसा बसत नाही.

म्हणून दुकानात गेल्यावर मागणी बदलायची. ‘या चिठ्ठीवर औषध द्या’ असं म्हणण्याऐवजी ‘हे औषध मला लिहून देऊ शकेल असा डॉक्टर जवळपास कुठे भेटेल?’ असं विचारायचं. पहिल्या वाक्याला उत्तर ‘नाही’ असतं. दुसऱ्याला बहुतेक वेळा पत्ता मिळतो, आणि फार्मासिस्टला आसपासच्या दवाखान्यांची माहिती हॉटेलवाल्यांपेक्षा नक्कीच चांगली असते.

तुमची जुनी चिठ्ठी अशा वेळी वाया जात नाही. तिथला डॉक्टर ती वाचतो, तुम्हाला तपासतो आणि स्वतःच्या सहीने नवी लिहून देतो. जुन्या चिठ्ठीचं काम तेवढंच, पण ते फार मोलाचं आहे.

## हातात वेळ किती आहे?

‘चार दिवस गोळी नाही घेतली तर काय होतंय?’ हा प्रश्न घरातली मोठी माणसं हमखास विचारतात. त्यात तथ्य नाही असंही नाही. पण उत्तर औषधागणिक बदलतं, आणि ते माहीत नसेल तर एकतर उगाच घबराट होते किंवा जिवावर बेतणारा निष्काळजीपणा.

इथे एक शब्द समजून घेऊ: अर्धायुष्य. शरीरातलं औषधाचं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ म्हणजे त्या औषधाचं अर्धायुष्य. थायरॉईडची गोळी, म्हणजे लिव्होथायरॉक्सिन, हिचं अर्धायुष्य साधारण एक आठवडा आहे. आज गोळी चुकली तरी पुढच्या आठवड्यातही निम्मं औषध शरीरात असतं. म्हणून दोन-तीन दिवसांच्या खंडाने बहुतेकांचं काही बिघडत नाही. याउलट रक्त गोठू न देणाऱ्या अपिक्साबानसारख्या नव्या गोळ्यांचं अर्धायुष्य सुमारे १२ तास असतं. एका दिवसात पाव, दोन दिवसांत सोळावा हिस्सा उरतो. ज्या गुठळीपासून बचाव करण्यासाठी ती गोळी दिलेली असते, तिच्यापुढे माणूस दोन दिवसांत जवळजवळ उघडा पडतो. याच कामासाठीच्या जुन्या वॉरफरिनचा परिणाम मात्र काही दिवस टिकतो. काम एकच, तरी सवड वेगळी.

अर्धायुष्यावरून सगळंच ठरतं असंही नाही. काही औषधं अशी असतात की शरीर त्यांना सरावलेलं असतं, आणि ती एकाएकी थांबली की मूळ आजारापेक्षाही जोरदार उसळी येते.

ज्यांच्या बाबतीत तासांत विचार करायला हवा, त्यांत सगळ्यात वर आहे इन्शुलिन. टाइप १ मधुमेह असलेल्या माणसाला इन्शुलिन मिळालं नाही, तर एका दिवसाच्या आत रक्तात आम्ल साचून जीव धोक्यात येऊ शकतो. उलट्या, पोटदुखी, धाप, गुंगी ही त्याची लक्षणं. इथे डॉक्टर शोधत हिंडायचं नाही, थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं. दुसरं, फिट येऊ नये म्हणून घ्यायची औषधं. त्यांत खंड पडला तर एकामागोमाग एक फिट येऊ शकतात. तिसरं, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडं. बाहेरून स्टिरॉइड मिळत असताना शरीराची ॲड्रिनल ग्रंथी स्वतःचं काम मंदावते, आणि गोळी अचानक थांबली की रक्तदाब कोसळू शकतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत नुकताच स्टेंट बसवलेल्यांच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, अवयव प्रत्यारोपण झालेल्यांची औषधं, झोपेसाठी किंवा चिंतेसाठी बरेच महिने घेतलेल्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्या हेही याच गटात. यातल्या शेवटच्या गोळ्यांबद्दल लोकांना कल्पनाच नसते: त्या एकदम बंद केल्याने फिट येऊ शकते.

रक्तदाबाच्या औषधांतही फरक आहे. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉलसारख्या बीटा-ब्लॉकर गोळ्या किंवा क्लोनिडिन अचानक थांबलं तर नाडी आणि रक्तदाब उसळतात. ज्यांना छातीत दुखण्याचा त्रास आहे त्यांना हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. यांची व्यवस्था त्याच दिवशी करा, फार तर दुसऱ्या दिवशी. नैराश्यावरच्या पॅरोक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिनने एक-दोन दिवसांतच चक्कर, बेचैनी, विजेचा झटका बसल्यासारख्या संवेदना सुरू होतात. फ्लुओक्सेटिन शरीरात बराच काळ रेंगाळतं, त्यामुळे तिथे सवड अधिक.

कोलेस्टेरॉलची गोळी, जीवनसत्त्वं, हाडांसाठीची आठवड्याची गोळी यांच्यासाठी सहल मोडून धावपळ करण्याची गरज बहुतेकांना नसते. यादी इथे संपत नाही. म्हणून निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारून ठेवा: ‘यातली कुठली गोळी एक दिवसही चुकवून चालणार नाही?’ उत्तर दोन मिनिटांत मिळतं.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. काही औषधं परत सुरू करतानाही काळजी घ्यावी लागते. फिट येऊ नये म्हणून घ्यायचं लॅमोट्रिजिन काही दिवस बंद राहिलं तर पूर्वीच्याच मात्रेत एकदम सुरू केल्याने त्वचेवर गंभीर पुरळ उठण्याचा धोका असतो. गंभीर मानसिक आजारावरच्या क्लोझापिनमध्ये ४८ तासांहून जास्त खंड पडला तर पुन्हा कमी मात्रेपासून चढत जावं लागतं. म्हणून नवीन औषध देणाऱ्या डॉक्टरला शेवटची गोळी कधी घेतली होती, ते दिवस आणि वेळेसह सांगा.

## गोळीचं खरं नाव कोणतं?

आपण गोळ्या ब्रँडच्या नावाने ओळखतो. हे नाव कंपनीने ठेवलेलं असतं आणि सीमेपलीकडे ते कुणी ऐकलेलं असेलच असं नाही. त्याहून वाईट म्हणजे ऐकलेलं असतं, पण भलत्याच औषधासाठी. ‘फ्लोमॅक्स’ हे अमेरिकेत प्रोस्टेटमुळे लघवीला अडथळा होणाऱ्या पुरुषांना देतात; इटलीत त्याच नावाने सूज कमी करणारं वेगळंच औषध विकलं गेलं आहे. ‘डिलाकॉर’ अमेरिकेत डिल्टियाझेम, तर सर्बियात डिगॉक्सिन. दोन्ही हृदयाचीच औषधं, पण एकाच्या जागी दुसरं म्हणजे मोठा अनर्थ. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००६ मध्ये प्रवाशांना या गोंधळाबद्दल जाहीर इशाराच दिला होता.

सगळीकडे चालतं ते जेनेरिक नाव, म्हणजे गोळीत प्रत्यक्ष काम करणाऱ्या रसायनाचं नाव. जागतिक आरोग्य संघटनेने १९५० मध्ये या नावांसाठी जगभर एकच पद्धत ठरवायचं मनावर घेतलं आणि १९५३ पासून ती अमलात आहे. तुमच्या स्ट्रिपवर ब्रँडच्या मोठ्या अक्षरांखाली बारीक टाइपात छापलेलं असतं, ते हेच. स्ट्रिप फेकून देण्यापूर्वी त्याच बारीक अक्षरांचा फोटो काढून ठेवायचा.

इथेही काही जुने अपवाद उरले आहेत. पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन होतं. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल, मधुमेहावरचं ग्लिबेन्क्लामाइड तिथे ग्लायब्युराइड आणि ॲड्रिनालिन तिथे एपिनेफ्रिन. औषध तेच असतं. फार्मासिस्टला दोन्ही नावं माहीत असतात, फक्त रुग्णाने घाबरून जाऊ नये.

खरी अडचण येते ती एकाच गोळीत दोन-तीन औषधं एकत्र असतात तेव्हा. अशा जोडगोळ्या देशोदेशी वेगवेगळ्या असतात. तुमची रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी दुसऱ्या देशात त्याच मिश्रणात मिळेल याची खात्री नाही. अशा वेळी घटक सुटे घेता येतात, पण त्यासाठी प्रत्येक घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम ठाऊक हवेत. काही औषधं तर काही देशांत मुळी नसतातच. मधुमेहावरची ग्लिक्लाझाइड आणि व्हिल्डाग्लिप्टिन, रक्त पातळ ठेवणारं ॲसेनोकुमारॉल ही अनेक देशांत रोजच्या वापरात असलेली औषधं अमेरिकेत मिळत नाहीत. तिथे डॉक्टरला पर्याय निवडावा लागतो, आणि तो निवडायचा तर मूळ औषध कशासाठी होतं हे त्याला कळलं पाहिजे. म्हणून नावासोबत कारणही लिहून ठेवायचं. ‘प्रोप्रानोलॉल’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते रक्तदाबासाठी, अर्धशिशीसाठी की हात थरथरतात म्हणून, हे नुसत्या नावावरून कळत नाही.

## मिलिग्रॅम जुळले की झालं?

नेहमीच नाही. मेटोप्रोलॉलचंच पाहा. गोळीत औषध दुसऱ्या रसायनाशी जोडून, क्षाराच्या रूपात भरलेलं असतं. एका क्षाराच्या रूपात ती गोळी ५० मिलिग्रॅमची असते. दुसऱ्या क्षाराच्या, दिवसभर हळूहळू विरघळणाऱ्या रूपात तितकंच काम करणाऱ्या गोळीवर काही देशांत ४७.५ असा आकडा असतो. हळूहळू विरघळणारी आणि लगेच विरघळणारी गोळी एकमेकींच्या जागी परस्पर घ्यायच्या नसतात. प्रत्यारोपणानंतरचं टॅक्रोलिमस किंवा फिट येऊ नये म्हणून घेतलेली काही औषधं यांच्यात उपयोगी आणि अपायकारक मात्रेतलं अंतर इतकं कमी असतं की नुसती कंपनी बदलली तरी डॉक्टर रक्ततपासणी करायला सांगतात.

इन्शुलिनबद्दल तर हात जोडून सांगावंसं वाटतं. इन्शुलिनच्या काही बाटल्या यू-४० असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. जगात बहुतेक ठिकाणी मात्र यू-१०० असतात, म्हणजे १०० युनिट. प्रत्येकीची सिरिंज वेगळी. जुन्या यू-४० सिरिंजने नव्या यू-१०० बाटलीतलं इन्शुलिन त्याच रेघेपर्यंत ओढलं तर अडीचपट इन्शुलिन शरीरात जातं, आणि रक्तातली साखर जीवघेणी खाली येऊ शकते. बाटली नवी तर सिरिंजही नवी, हे पक्कं धरा. साखर मोजण्याचं एककही बदलतं. काही देशांतले ग्लुकोमीटर आकडा मिलिमोलमध्ये दाखवतात. त्याला १८ ने गुणलं की आपल्या ओळखीचा मिलिग्रॅमचा आकडा येतो. तिथल्या यंत्रावर १० दिसले तर ते १८० आहेत. साखर उतरली समजून घाबरून गोड खाऊ नका.

## जायचं कुठे?

जिवाला धोका असेल किंवा वरच्या पहिल्या गटातलं औषध असेल तर रुग्णालयाचा तातडीचा विभाग. बाकी सगळ्यांसाठी वेळ न ठरवता जाता येईल असा साधा दवाखाना पुरतो. तातडीच्या विभागात तासन्‌तास ताटकळावं लागतं, आणि बऱ्याच देशांत तिथला खर्च साध्या दवाखान्याच्या अनेकपट असतो.

प्रवास विमा असेल तर दवाखान्यात जाण्याआधी विमा कंपनीच्या चोवीस तास चालणाऱ्या मदत क्रमांकावर फोन करा. कोणत्या दवाखान्यात गेलं तर खर्च मिळेल ते तिथे सांगतात, आणि पुष्कळ पॉलिसींमध्ये आधी कळवणं ही अटच असते. आधीपासून असलेल्या आजाराची औषधं पॉलिसीत बसतात का, हे मात्र निघण्यापूर्वीच वाचलेलं बरं. अनेक पॉलिसी ती वगळतात, आणि हे परदेशात कळलं तर उपयोग नसतो.

दूतावासाकडून फार अपेक्षा ठेवू नका. स्थानिक डॉक्टरांची यादी, भाषेची थोडी मदत, घरच्यांशी संपर्क इतकं ते करू शकतात. औषध लिहून देणं किंवा त्याचे पैसे भरणं हे त्यांचं काम नाही. पासपोर्टही सोबत गेला असेल तर तिथे जावंच लागेल. नुसत्या औषधांसाठी पहिला तास तिथे घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

घरच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल करता येतो, आणि करावाच. त्यांची चिठ्ठी तिथे चालणार नाही, पण ते तिथल्या डॉक्टरशी बोलू शकतात आणि पर्यायी औषध तुम्हाला चालेल का ते सांगू शकतात. हा दोन डॉक्टरांमधला पाच मिनिटांचा संवाद कुठल्याही कागदापेक्षा लवकर काम करतो.

## झोपेची, वेदनेची, एकाग्रतेची औषधं: इथे नियम कडक

ज्या औषधांचं व्यसन लागू शकतं किंवा ज्यांचा गैरवापर होतो, त्यांवर सरकारं खास पाळत ठेवतात. त्यांना नियंत्रित औषधं म्हणतात. मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं, अल्प्राझोलामसारख्या चिंतेवरच्या गोळ्या आणि लक्ष विचलित होण्याच्या विकारावरची मेथिलफेनिडेट, ॲम्फेटामिनसारखी औषधं साधारण यात येतात. १९६१ आणि १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारांनी पायाभूत यादी केली आहे, पण प्रत्येक देश स्वतःची भर घालतो. त्यामुळे एका देशातली साधी गोळी दुसऱ्या देशात गुन्हा ठरू शकते. जपानमध्ये ॲम्फेटामिन असलेली औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसहही नेता येत नाहीत. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन किंवा ट्रॅमाडॉल नेण्याआधी सरकारी मंजुरी घ्यावी लागते.

ही औषधं हरवली तर नवी मिळवणं अवघड असतं, आणि रुग्णाला त्यात फार अपमान वाटतो. ‘हरवली’ हे कारण डॉक्टर रोज ऐकतात, कधी खरं, कधी खोटं. तुमचं खरं आहे हे दाखवायला पोलिसांत केलेल्या तक्रारीची प्रत, मूळ डॉक्टरचं पत्र आणि उरलेली रिकामी स्ट्रिप यांचा उपयोग होतो. तिथला डॉक्टर कदाचित संपूर्ण महिन्याचं देणार नाही, घरी पोचेपर्यंतच्या दिवसांचं देईल. कदाचित तेच औषध न देता, एकदम बंद झाल्याचा त्रास होऊ नये म्हणून त्याच गटातलं दुसरं देईल. हे मान्य करा. मानसिक आजाराची औषधं घेणाऱ्यांना माझं मनापासून सांगणं आहे: लाजेपोटी गप्प राहून खोलीत दिवस काढू नका. समोरचा डॉक्टर तुम्हाला ओळखत नाही, पण या गोळ्या तो स्वतःच्या रुग्णांनाही लिहून देत असतो.

## घरून कुरिअरने मागवलं तर?

सगळ्यांना पहिल्यांदा हेच सुचतं आणि बहुतेकदा हाच मार्ग फसतो. औषधांच्या पार्सलला दोन देशांचे नियम लागतात. पाठवणाऱ्या देशाची परवानगी असली तरी घेणाऱ्या देशाचं सीमाशुल्क खातं ते अडवू शकतं, परत पाठवू शकतं किंवा नष्ट करू शकतं. नियंत्रित औषधं टपालाने पाठवणं बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे आणि चौकशी पार्सल घेणाऱ्याची होते. सगळं सुरळीत झालं तरी पार्सल पोचेपर्यंत सहल संपलेली असते. दीर्घ मुक्काम असेल आणि त्या देशाच्या सीमाशुल्क खात्याने लेखी होकार दिला असेल, तरच याचा विचार करावा.

ऑनलाइन, चिठ्ठी न मागणाऱ्या संकेतस्थळांचा मोह टाळा. काही देशांत रस्त्यावरच्या दुकानातही चिठ्ठीशिवाय हवं ते मिळतं, आणि अडलेल्या माणसाला ते वरदान वाटतं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या अंदाजानुसार कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दर दहापैकी एक औषधी उत्पादन बनावट किंवा निकृष्ट असतं. परवानाधारक, शक्यतो रुग्णालयाला जोडलेलं दुकान गाठा, सीलबंद पाकीट घ्या, तारीख पाहा, पावती घ्या. सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत देत असतील तर नको म्हणा.

## सोबतच्या कुणाकडे तीच गोळी असेल तर?

नाव, मिलिग्रॅम आणि गोळीचा प्रकार तंतोतंत जुळत असेल, औषध नियंत्रित नसेल आणि डॉक्टरांनी फोनवर होकार दिला असेल, तर एक-दोन मात्रांपुरती सोय म्हणून हे समजण्यासारखं आहे. ‘माझीही बीपीचीच आहे’ एवढ्यावर घेऊ नका. रक्तदाबाच्या गोळ्यांचे कितीतरी प्रकार आहेत. दम्याच्या रुग्णाने दुसऱ्याची बीटा-ब्लॉकर गोळी घेतली तर श्वासनलिका आवळू शकतात. शिवाय ज्याने दिली त्याच्या गोळ्या कमी पडणार, हे त्यालाही सांगायला हवं.

## कागदपत्रांचं काय?

चोरी असेल तर पोलिसांत तक्रार शक्य तितक्या लवकर, जमल्यास २४ तासांच्या आत करा. विमा कंपन्या सहसा हीच मुदत पाहतात. तक्रारीत औषधांची नावं लिहून घ्या, नुसतं ‘बॅग’ नको. विमान कंपनीकडे दिलेलं सामान आलं नसेल तर विमानतळ सोडण्यापूर्वी तिथल्या काउंटरवर नोंद करून क्रमांक घ्या. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार सामानाला उशीर झाल्यामुळे करावा लागलेला वाजवी खर्च कंपनीकडे मागता येतो. त्यासाठीची लेखी तक्रार सामान हाती आल्यापासून २१ दिवसांत करायची असते. औषधं आणि तपासणी दोन्हींच्या पावत्या जपून ठेवा.

## निघण्याआधी एकच काम करायचं तर

डॉक्टरांकडून लेटरहेडवर एक पत्र घ्या. इंग्रजीत, टाइप केलेलं, सहीशिक्क्याचं. त्यात आजार, प्रत्येक औषधाचं जेनेरिक नाव, मिलिग्रॅम, गोळीचा प्रकार, दिवसातून किती वेळा, कशाची ॲलर्जी आहे ते आणि डॉक्टरांचा फोन असावा. तारखेत महिना अक्षरांत लिहायला सांगा. ३/४ म्हणजे काही देशांत तीन एप्रिल, तर काही ठिकाणी चार मार्च. हे पत्र मोबाइलमध्ये, ईमेलमध्ये आणि सोबतच्या माणसाकडेही असू द्या, कारण मोबाइल आणि गोळ्या बहुधा एकाच पिशवीत चोरीला जातात.

गोळ्या मूळ पाकिटांत आणि केबिन बॅगेत ठेवा. थोड्या गोळ्या दुसऱ्या पिशवीत ठेवल्या तर निम्मी चिंता मिटते. नियंत्रित औषध असेल तर ज्या देशात उतरणार त्याचा नियम पाहाच, आणि विमान बदलताना ज्या देशाच्या हद्दीतून जाणार त्याचाही. व्हिएन्नातलं आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळ प्रवाशांसाठीचे देशोदेशींचे हे नियम गोळा करून जाहीर करतं.

## आणि हरवलेली बॅग सापडली तर?

याचा विचार कुणी करत नाही, पण धोका इथेही असतो. आता तुमच्याकडे दोन पाकिटं आहेत, दोन वेगळ्या नावांची, वेगळ्या रंगांच्या गोळ्यांची, आणि आत औषध एकच. वयस्क माणूस ‘ही जुनी आणि ही नवी’ म्हणून दोन्ही घेतो. रक्त पातळ ठेवणारं औषध किंवा मधुमेहाची गोळी अशी दुप्पट गेली तर परत रुग्णालयाची वाट धरावी लागते. म्हणून दोन्ही पाकिटांवरची जेनेरिक नावं शेजारी ठेवून वाचा, एक पाकीट रबर लावून बाजूला ठेवा आणि घरी आल्यावर डॉक्टरांना दोन्ही दाखवा. बॅगेत इन्शुलिन असेल तर ते वापरू नका. न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहायला हवं. बाहेर काढल्यावर बहुतेक प्रकार साधारण चार आठवडे टिकतात, तेही फार उष्ण नसलेल्या जागी. हरवलेली बॅग या दरम्यान उन्हात पडून होती की गोठली होती, हे कुणालाच सांगता येत नाही, आणि बिघडलेलं इन्शुलिन दिसायला चांगल्यासारखंच स्वच्छ असू शकतं.